एक जून

माझा वाढदिवस एक जूनला येतो. माझ्या थोरल्या भावाचाही एक जूनलाच येतो. धाकट्या बहिणीचाही. आमच्या सौभाग्यवतींचं माहेर आमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे लग्न ठरताना मुलीची जन्मतारीख विचारायची मला गरजच पडली नाही. सातवीला आम्ही अडतीस पोरं होतो. त्यांतल्या एकतीस जणांचा वाढदिवस एक जूनला. उरलेले सात जण जरा खात्यापित्या घरचे. त्यांच्या घरी पंचांग होतं.

उद्या एखादा परदेशी शास्त्रज्ञ आमच्या शाळेचं जनरल रजिस्टर चाळायला बसला, तर कोयनेच्या खोऱ्यातला मनुष्यप्राणी वर्षातून एकदाच, रोहिणी नक्षत्राच्या सुमारास वितो, असा प्रबंध लिहून तो मोकळा होईल. त्याला त्याबद्दल डॉक्टरेटही मिळेल. त्या बिचाऱ्याला मोठे गुरुजी ठाऊक नसणार.

मोठे गुरुजी म्हणजे आमचे हेडमास्तर. त्यांना नाव होतं, आडनाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. एरवी साऱ्या गावाचे ते मोठे गुरुजी. उंचीनं मात्र शाळेतल्या सात मास्तरांत ते सगळ्यांत बुटके. फळ्याच्या वरच्या कडेला तारीख लिहायची तर त्यांना खुर्चीवर उभं राहावं लागे. धोतर, बंद गळ्याचा कोट, डोक्याला टोपी आणि कोटाच्या खिशात तीन वस्तू कायमच्या : खडूचा तुकडा, पोस्टाच्या पेटीची किल्ली आणि तांबड्या शाईची दौत. ही दौत कधी सांडली नाही, असं कोणी म्हणणार नाही. कोट पाहिलेला माणूस तर नाहीच म्हणणार.

आमचं गाव पाटण तालुक्यातलं, आठवडी बाजाराचं. खाली कोयना, वर डोंगर. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत, उरलेली नाचणीच्या शेतात. १९६१ सालच्या जून महिन्यात आईनं माझा दंड धरला आणि मला शाळेत नेऊन उभं केलं. वय सहा पूर्ण आहे की नाही हे ठरवायची पहिली परीक्षा अंगावरच होत असे. उजवा हात डोक्यावरून घ्यायचा आणि डावा कान धरायचा. कान हाताला लागला तर पोरगं पहिलीत, नाही लागला तर परत घरी. माझा हात कानाच्या पाळीपर्यंत येऊन थांबला. मग लेखी काम सुरू झालं.

"जन्म कधीचा?" गुरुजींनी विचारलं.

"पाऊस लई हुता," आई म्हणाली.

"पाऊस दरसाल असतो, बाई. साल कुठलं?"

"आता आमा अडाण्याला साल काय ठावं? धरनावर मान्सं लावाय लागली न्हवं का, त्याच्या फुडल्या साली. आमची तांबडी म्हस त्याच आठवड्यात याली, आन हे कारटं झालं."

माणसाच्या पोराबद्दल आईला इतकंच सांगता आलं. पण गुरुजींनी लेखणी खाली ठेवली आणि म्हशीची चौकशी सुरू केली.

"म्हैस तेव्हा कितव्या वेताची होती?"

"पयलारू."

"आणि आता?"

"आता पाचवं चालू हाय की."

गुरुजींनी डोळे मिटून हिशेब केला. पाच वेतं, मधली चार अंतरं, एका अंतराला सोळा-सतरा महिने. डोळे उघडले आणि अंकी आणि अक्षरी लिहून टाकलं, एक जून एकोणीसशे पंचावन्न. माझं सरकारी वय अशा रीतीनं आमच्या तांबड्या म्हशीनं ठरवलेलं आहे. पुढे मी सरकारी नोकरीत लागलो, पगारवाढी घेतल्या, विम्याचे हप्ते भरले, ते सगळं तिच्या पाच वेतांच्या हिशेबावर. आता ज्या अर्थी 'पाऊस लई हुता', त्या अर्थी मी श्रावणातला असणार. म्हणजे दोन महिने मी जन्माच्या आधीच जगून घेतले. पण शाळा जूनमध्ये सुरू होते, तोवर सहा वर्षं पुरी असली पाहिजेत, तेव्हा एक जून. असं साऱ्या महाराष्ट्रात होत होतं. माझ्या पिढीतली असंख्य माणसं एक जूनला जन्मली ती आयांच्या पोटी नव्हे, हेडमास्तरांच्या टेबलावर.

हेडमास्तरकी हा मोठ्या गुरुजींचा मुख्य धंदा खरा, पण एकमेव नव्हे. सरकारला गावात काहीही करायचं असलं की सरकार शाळेचं दार ठोठावी. शाळेच्या ओसरीवर एका कोपऱ्यात पोस्ट होतं. गुरुजी त्याचे शाखा पोस्टमास्तर. पाढे म्हणून घेता घेता ते तिकिटांवर शिक्के मारत. सातच्या पाढ्याला त्या ठोक्यांचा फार चांगला ठेका मिळत असे. गिरणगावातून मनिऑर्डरी येत. त्या दिवशी ओसरीवर बायकांची रांग लागे. गुरुजी अंगठा घेत, पैसे दोनदा मोजून देत आणि 'घरी जाईपर्यंत पदराची गाठ सोडायची नाही' एवढी ताकीद फुकट देत.

पत्रंही तेच वाचून दाखवत. पण पत्र पाठवणारा बहुधा त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यामुळे वाचता वाचता हात आपोआप तांबड्या दौतीकडे जाई. 'आई' हा शब्द ऱ्हस्व इकारानं लिहिणाऱ्या मुलाचं आईवर प्रेम असूच शकत नाही, असं त्यांचं मत होतं. लालबागला एका खोलीत पंधरा जणांत राहणाऱ्या आमच्या चुलत्याला एकदा घरच्या उत्तराबरोबर त्याचंच आधीचं पत्र परत आलं. अकरा चुका तांबड्या शाईनं दुरुस्त केलेल्या आणि खाली शेरा : '१० पैकी ४. पैसे वेळेवर पाठवतोस, अक्षराकडेही लक्ष दे.' चुलत्यानं ते पत्र खोलीतल्या कोणाला दाखवलं नाही. पण पुढच्या पत्राला ६ मिळाले, हे मात्र त्यानं चाळभर सांगितलं.

निवडणूक आली की गुरुजी मतदान केंद्रावर. १९५२ सालच्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. आपली मतपत्रिका आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. आमच्या गावची एक म्हातारी आत गेली ती बराच वेळ बाहेरच येईना. गुरुजींनी बाहेरून हाक मारली, तर आतून उत्तर आलं, "थांबा वो गुर्जी, बैलं हाइत, मोकळ्या हातानं कशी जाऊ?" तिनं बैलजोडीच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं होतं आणि नैवेद्याला काही नाही म्हणून ती अवघडून उभी होती. गुरुजींनी त्या दिवशीच्या अहवालात नोंद केली : 'एका मतपेटीस हळदकुंकू वाहण्यात आले. पेटीस इजा नाही.' ही गोष्ट मी ऐकलेली. मी त्या वेळी जन्मलो नव्हतो, कोणत्याच हिशेबानं.

१९६१ च्या फेब्रुवारीत खानेसुमारी झाली, तेव्हा गुरुजी घरोघर हिंडले. अडचण एकच होती. नवऱ्याचं नाव सांगायला कुठलीही बाई तयार नव्हती. एकीनं लाजून शेजारणीकडे बोट केलं, शेजारणीनं तिच्या दिराकडे. एक तर ठसक्यात म्हणाली, "मला काय इचारता? तुमच्याच शाळंच्या रजिस्टरात हाय की त्येंचं नाव!" आणि खरोखरच होतं. जन्मतारखेसकट होतं. गुरुजी शाळेत परतले आणि अर्ध्या गावाची खानेसुमारी त्यांनी जनरल रजिस्टर उघडून, टेबलाशी बसून तपासून घेतली. सरकारला गाव मोजायला दहा वर्षं लागत. गुरुजींच्या कपाटात ते कायमचं मोजून ठेवलेलं होतं.

त्या रजिस्टराला ते देवासारखे जपत, असं मी म्हणणार नाही, कारण देवाला ते इतके जपत नसत. त्यात खाडाखोड नाही. एकदा लिहिलं ते लिहिलं. लोकांना पुढे पुढे अक्कल आली की वय ही कामाची वस्तू आहे. दोन वर्षं कमी करून घेतली तर पोरगं पोलिसात चालतं, दोन वाढवली तर गिरणीत लागतं. मग लोक ओसरीवर यायला लागले. गुरुजी एकच वाक्य बोलत, "रजिस्टरात आहे ते आहे."

माझ्या चुलतभावाच्या वेळी आमच्या आबांनी पायलीभर आंबेमोहर तांदूळ पाठवला. संध्याकाळी तीच टोपली, तोच तांदूळ दोन पोरांच्या डोक्यावरून परत आला. वर एक चिठ्ठी, अस्सल पोस्टाच्या भाषेत : 'घेण्यास नाकारले. पाठवणाऱ्यास परत.' आबा आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी मनिऑर्डर आली, तेव्हा बोलावं लागलं.

मलाही हा माणूस त्या वयात जरा चक्रमच वाटे. तारखा म्हशीवरून काढायच्या आणि एकदा काढल्या की ब्रह्मदेवाला बदलू द्यायच्या नाहीत, हा कुठला न्याय? मूळ नोंदच अंदाजाची, मग तिच्यासाठी एवढा हट्ट का? याचं उत्तर मला मिळालं ते बारा वर्षांचा असताना. म्हणजे रजिस्टराप्रमाणे साडेबारा.

११ डिसेंबर १९६७. सोमवार. पहाटेचे चार वाजून गेले होते. धरण भरायला लागल्यापासून चार-पाच वर्षं आमच्याकडे जमिनीखाली गुरगुर चालूच असे. भांडी वाजत, मांजर उठून बसे, आम्ही कूस बदलत असू. त्या पहाटे मात्र आईनं मला कशी बाहेर ओढली ते मला आजही आठवत नाही. आठवतो तो आवाज आणि नंतरची धूळ. आमच्याकडची घरं दगडमातीची, भिंती हातभर रुंद. इतर वेळी तीच आमची प्रतिष्ठा. त्या रात्री त्याच भिंती अंगावर आल्या. साऱ्या भागात मिळून दीडशेहून जास्त माणसं गेली. कोयनेची वीज बंद पडली, मुंबई अंधारात गेली. बातम्यांत कोयनानगर आलं, मुंबईचा अंधार आला. आमच्या गावाचं नाव कुठेच आलं नाही. कोणी दिलंच नसणार, कारण नाव देणारा पोस्टमास्तर दुसऱ्या कामात होता.

शाळेच्या ऑफिसची अर्धी भिंत बसली होती, आढं लोंबकळत होतं. गुरुजी कंदील घेऊन आत शिरले. लोकांना वाटलं, मनिऑर्डरींचे पैसे आणायला गेले. ते बाहेर आले ते सातही वर्गांचे हजेरीपट आणि जनरल रजिस्टर छातीशी धरून. कोणीतरी ओरडलं, "हितं मान्सं गाडली ग्येली आन ह्या मास्तराला वह्या सुचत्यात!" गुरुजींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी शाळेची घंटा वाजवली. खांब पडला होता, घंटा जमिनीवर होती. त्यांनी ती दगडानं वाजवली.

पोरं ही जात मोठी विचित्र. घर पडलंय, थंडीनं दात वाजताहेत, पण घंटा ऐकली की पाय शाळेकडेच वळतात. घोंगडी पांघरून आम्ही पिंपळाखाली जमलो, सवयीनं वर्गवार उभे राहिलो. आमच्या मागे आमचे आईबाप. गुरुजींनी पहिलीचा हजेरीपट उघडला आणि कंदिलाच्या उजेडात नावं घ्यायला सुरुवात केली.

"हजर."

"हजर."

"हजर, गुरुजी."

एका नावाला उत्तर आलं नाही. गुरुजींनी ते पुन्हा घेतलं. मग मान वर न करता म्हणाले, "वरची आळी, चिंचेजवळचं घर. चौघं जा. पहार घेऊन जा." आणि पुढचं नाव.

तेव्हा कुठे मोठ्या माणसांच्या डोक्यात उजेड पडला. शाळेत पोर नाही असं घर गावात विरळा. हजेरीपट म्हणजे घरांची यादी होती. अंधारात, आरडाओरड्यात, कोण निघालं आणि कोण राहिलं हे सांगणारी गावात दुसरी वहीच नव्हती. एका नावाला उत्तर नाही, की चार तरुण त्या घराकडे. सातवीचा हजेरीपट आला. माझं नाव आलं. मी 'हजर' म्हणालो. त्यानंतर आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी हजर राहिलो, पण हजर म्हणताना गळा दाटला तो त्या एकाच दिवशी.

पाचवीतला एक पोरगा कणगी आडवी पडली होती तिच्या आडोशाला जिवंत सापडला. पाय मोडला होता. त्याला पिंपळाखाली आणून निजवला, तेव्हा गुरुजींनी वाकून त्याचं नाव घेतलं, शुद्धीवर आहे का बघायला. पोरगा डोळे न उघडताच म्हणाला, "हजर." तशातही आम्ही हसलो. गुरुजीही हसले. त्यांनी त्याच्या नावापुढे खूण केली.

दुसरीतल्या एका मुलीचं नाव त्यांनी तीनदा घेतलं. ती खालच्या आळीची. तिला बाहेर काढायला दुपार झाली. ती गेलेली होती. एवढंच.

पुढचे पंधरा दिवस गुरुजी झोपले कधी ते त्यांच्या घरच्यांनाही माहीत नाही. मदतीच्या गाड्या आल्या, त्यांबरोबर याद्या आल्या, आणि याद्यांबरोबर कारकून. 'तुम्ही याच गावचे कशावरून? घरात माणसं किती? वयं काय?' लोकांचे कागद होते नव्हते ते मातीखाली. मग ज्यांनी गुरुजींना कारटा, हेकट, चक्रम म्हटलं होतं ते सगळे ओळीनं पिंपळाखाली उभे राहिले आणि गुरुजी रजिस्टर बघून दाखले लिहीत बसले. माझ्या आबांना पत्रे मिळाले ते गुरुजींच्या दाखल्यावर. सरकार दुसऱ्या कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवीना. गुरुजींच्या वहीवर ठेवी, कारण त्या वहीत खाडाखोड नव्हती. आबा पत्रे घेऊन आले, म्हणाले, "बरं झालं तांदूळ परत आला."

फेब्रुवारीत शाळेची तपासणी निघाली. त्या अधिकाऱ्यांचा हुद्दा काय होता कोण जाणे. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि हुद्दे बदलले, पण गाव त्यांना दिपोटी म्हणे ते म्हणेच. शाळा तेव्हा पिंपळाखालीच भरत होती. दिपोटी साहेबांनी हजेरीपट मागवले आणि डिसेंबरच्या पानावर बोट ठेवलं.

"हेडमास्तर, अकरा तारखेला भूकंप. शाळा बंद होती ना? मग हजेरी कशी?"

"शाळा बंद नव्हती, साहेब," गुरुजी म्हणाले. "इमारत बंद होती."

साहेबांनी चष्मा पुसला. मग दुसरीचा पट उघडला.

"आणि हा रकाना मोकळा कसा? हजर नाही, गैरहजर नाही. महिन्याच्या बेरजेत एक कमी पडतोय. सरासरी जुळत नाही."

मी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारीच उभा होतो. तीस वर्षांत ज्या माणसानं हजेरीपटाचा एक रकाना मोकळा सोडला नव्हता, तो माणूस काय उत्तर देतो म्हणून सातही मास्तर बघत होते.

"हजर म्हणता येत नाही, साहेब," गुरुजी म्हणाले. "आणि गैरहजर म्हणायला ती काही सांगितल्याशिवाय घरी राहिलेली नाही."

साहेबांनी तांबडी पेन्सिल उचलली होती, ती खाली ठेवली. पाणी मागितलं. पान उलटलं. शेरा काही मारला नाही. माणूस दिपोटी असला तरी बरा होता.

१९७० च्या एक जूनला रजिस्टराप्रमाणे गुरुजींची नोकरी पुरी होत होती. हो, तेही एक जूनचेच! याच शाळेत शिकलेले, याच रजिस्टरात नाव, १ जून १९१२. पण मामलेदार कचेरीत त्यांचा एक जुना विद्यार्थी कारकून होता. त्यानं गावचं जुनं कोतवाल बुक हुडकून काढलं. त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी असत. तिथे गुरुजींचा जन्म सापडला तो दोन वर्षांनी पुढचा, १९१४ सालचा. म्हणजे गुरुजींना अजून दोन वर्षं नोकरी होती, पगार होता, आणि गावाला हेडमास्तर होता. फक्त एक अर्ज करायचा होता.

सरपंच, आबा, सोसायटीचे चेअरमन, असे पंधरावीस जण कोतवाल बुकाची नक्कल घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले. गुरुजींनी नक्कल नीट वाचली. तिच्यात एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती, ती दुरुस्त केली आणि कागद परत दिला.

"पुरावा पक्का आहे, गुरुजी," सरपंच म्हणाले. "हे काय खोटं न्हवं."

"खरं असेल. पण रजिस्टरातली नोंद माझ्या आईला विचारून केलेली आहे. ती बिचारी हेडमास्तरांपुढे थरथरत उभी राहिली असेल, काहीतरी आठवून सांगितलं असेल. आता या वयात मी तिला खोटी पाडू?"

कोणी काही बोलेना. गुरुजींनी ओसरीवरून एकदा नजर फिरवली आणि बोटं मोजली.

"आणि इथं बसलेल्यांपैकी नऊ जणांचे अर्ज मी स्वतः नाकारलेत. सरपंच, तुमचा १९५८ साली. हे तुमचे मेव्हणे, १९६३ साली. माझा एकट्याचा मंजूर झाला, तर तुम्ही नऊ जण मला उद्या बाजारात काय म्हणाल?"

"काय बी म्हननार न्हाई," आबा म्हणाले.

"तेच वाईट," गुरुजी म्हणाले.

३१ मे १९७० ला ते निवृत्त झाले. सुट्टीचे दिवस, शाळेत पोरं नव्हती. गावानं पिंपळाखाली सभा घेतली. नारळ, शाल, हार. भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "मी चाळीस वर्षं तुमच्या मुलांच्या वर्तणुकीपुढे 'चांगली' असं लिहीत आलो. रजिस्टरात तेवढीच एक गोष्ट मी न तपासता लिहिली." आणि खाली बसले. पोस्टाची किल्ली मात्र त्यांनी नव्या हेडमास्तरांना देताना दोनदा मोजून दिली. किल्ली एकच होती.

१९८६ च्या पावसाळ्यात ते गेले. मी तेव्हा पुण्याला होतो. कळल्यावर पोचलो तेव्हा ग्रामसेवक ओसरीवर मृत्यूची नोंद करत बसला होता. पोरगा नवीन. "वय काय लिहू?" त्यानं विचारलं. जुनी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोतवाल बुकाप्रमाणे एक, शाळेप्रमाणे एक. आतून काकूंचा आवाज आला. त्या आयुष्यात चारचौघांत फारशा कधी बोलल्या नव्हत्या. "रजिस्टरात आहे तेच लिहा," त्या म्हणाल्या. तेव्हा गुरुजी वारले ते वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. खरं तर दोन वर्षं आधीच. पण खरं कशाला म्हणायचं, हे त्या ओसरीवर बसून मला सांगता आलं नसतं.

३१ मे २०१३ ला मी निवृत्त झालो. एक तारखेचा जन्म असला की आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच नारळ मिळतो, त्यामुळे एकतीस मेला सगळ्या सरकारी कचेऱ्यांत निवृत्तांची जत्रा असते. आमच्या कचेरीत त्या दिवशी सहा जण एकदम निवृत्त झालो. हार चारच आणले होते. मी आणि आमच्या हेडक्लार्कांनी एकात भागवलं. साहेब भाषणात म्हणाले, "काय योगायोग आहे पहा, सहाही जणांचा वाढदिवस उद्याच!" साहेब शहरातले होते. त्यांच्या घरी पंचांग असणार.

शाळा उघडल्यावर मी गावी गेलो. आता बाई हेडमास्तर आहेत. टेबलावर कॉम्प्युटर होता. पण जनरल रजिस्टर अजून त्याच कपाटात. बाईंनी कौतुकानं काढून दिलं. माझी नोंद पाहिली. म्हशीचा उल्लेख कुठे नव्हता, वर्तणूक 'चांगली'. खूप मागे गेलो तेव्हा गुरुजींची नोंद सापडली, दुसऱ्याच कोणाच्या वळणदार अक्षरात, शाई फिकी झालेली, कुठेही खाडाखोड नाही.

मग मी त्या दुसरीतल्या मुलीचं पान काढलं. जन्मतारीख १ जून १९६०. शाळा सोडल्याचा दिनांक, मोकळा. कारण, मोकळं. शेरा, मोकळा. मधे पंचेचाळीस वर्षं गेली, कितीतरी हेडमास्तर आले, तपासण्या झाल्या. तो रकाना कोणी भरलेला नाही. मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मी चार्ज घेतला तेव्हा आधीच्या सरांनी सांगितलं, ते पान तसंच ठेवायचं असतं." का ते त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता एक जूनची जमात संपत आली. १९६९ च्या कायद्यानंतर हळूहळू जन्मनोंदीची शिस्त लागली. आता मुलं दवाखान्यात जन्मतात, दाखला घेऊनच घरी येतात, आणि आमच्या नातवाला तर जन्माचा तासमिनिटही पाठ आहे. त्याचा वाढदिवस ऑगस्टात कुठल्याशा तारखेला असतो. त्या दिवशी घरात तो एकटाच जन्मलेला असतो. मला त्याची जरा कीव येते.

दर एक जूनला सकाळी माझ्या मोबाईलवर बँकेचा शुभेच्छांचा निरोप येतो. मग विमा कंपनीचा. मग ज्या दुकानातून मी एकदाच चष्मा घेतला, त्या दुकानाचा. त्याच वेळी स्वयंपाकघरात सौभाग्यवतींचाही फोन वाजत असतो. पूर्वी मी वैतागून ते पुसून टाकत असे. हल्ली पुसत नाही. आपला खरा वाढदिवस श्रावणात कुठेतरी आहे, हे मला ठाऊक असतं. या शुभेच्छा माझ्या नव्हेतच. पत्ता माझा असला तरी टपाल दुसऱ्याचं आहे. मी ते मनातल्या मनात मोठ्या गुरुजींकडे रवाना करतो. त्यातलं एक खालच्या आळीतल्या त्या पोरीचं आहे, तेही ते पोचतं करतील. शेवटी पोस्टमास्तर होते ते. त्यांच्या पोस्टातून काही गहाळ झाल्याचं आमच्या गावात अजून कोणी म्हटलेलं नाही.